जास्तीचा फर्मा

तुमच्या घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत कुणाला पाठवलं जातं?

लगेच "कुणालाच नाही" म्हणू नका. जरा आठवून बघा. आमच्या घरी धाकटीला पाठवायचे. आणि पाठवणारी मी होते, आई नव्हे, आबा नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. बाहेरच्या खोलीत आमच्या गटाची बैठक बसलेली असायची, माणसामाणसांत भेद नको यावर मी तावातावानं बोलत असायचे, आणि आतून धाकटी दारावर थापा मारायची. एकदा कुणीतरी विचारलं, "आत कोण आहे?" मी म्हणाले, "मांजर."

आमचं घर पत्रकांचं होतं. आबा कोल्हापूरच्या शनिवार पेठेतल्या एका लहान छापखान्यात कंपोझिटर. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, कोंबड्या-बकऱ्यांच्या बळीविरुद्ध, फीवाढीविरुद्ध, ज्या कुणाला कशाविरुद्ध काही म्हणायचं असे तो त्या छापखान्यात यायचा, आणि प्रत्येक पत्रकाची एक प्रत आबा घरी आणून गादीखाली ठेवायचे. बाकीच्या मुली अंकलिपीवर अक्षरं शिकल्या. मी प्रुफांवर शिकले. सात-आठ वर्षांची असताना "जागे व्हा" हे शब्द मला माझ्या नावाआधी लिहिता येत होते.

आई घरी फर्मे दुमडायची. फर्मा म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेला मोठा कागद. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. असे सहा-सात फर्मे क्रमानं एकावर एक ठेवले आणि शिवले की पुस्तक. आई गुळगुळीत लाकडी पट्टीनं घडी दाबायची. मी ढिगांतून एकेक फर्मा उचलून जुळवायचे. आणि धाकटी, ती मोठी झाल्यावर, दुमडलेल्या फर्म्यांवर फळी ठेवली की त्या फळीवर बसायची. फर्मे सपाट व्हायला वर वजन लागतं. तिचं बसणं हे आमच्या धंद्यातलं काम होतं आणि ते ती मन लावून करायची. ऊठ म्हटलं तरी उठायची नाही.

ती जन्मायच्या आधी सूर्यग्रहण होतं. थोडंसंच लागणार होतं, पण गल्लीनं सकाळपासून दारं लावून घेतली होती. आबांच्या छापखान्यात त्याच विषयावरचं पत्रक छापून निघालं होतं: ग्रहण म्हणजे सावली, तिला भिऊ नका. ग्रहण सुटल्यावर लोक पंचगंगेवर आंघोळीला जातात, तिथं ते वाटायचं ठरलं होतं, आणि घड्या घालायच्या राहिल्या होत्या. आईला सातवा महिना होता. उंबऱ्याशी उजेडाला बसून ती घड्या घालत होती. पलीकडच्या काकूंनी खिडकीची फट करून पाहिलं.

"अगं बाई, पोटुशी बाई तू! आज काय चिरू न्हाय, दुमडू न्हाय!"

आई हसली. "हितं लिवलंय की काकू, काय हुत न्हाय म्हणून."

"लिवणाऱ्याला कुठं दिवस गेल्यात!"

ही गोष्ट आमच्या घरात पुढं कितीतरी दिवस विनोद म्हणून सांगितली गेली. मग धाकटी जन्मली आणि विनोद बंद झाला.

तिचे डोळे किंचित वर तिरके होते, मान सावरायला फार वेळ लागला, जीभ ओठांबाहेर यायची. बाळंतिणीला बघायला आलेल्या काकूंनी तिची इवलीशी मूठ उघडली. तुमच्या-माझ्या तळहातावर वरच्या बाजूला दोन आडव्या रेघा असतात. तिच्या तळहातावर एकच होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पट्टीनं दाबल्यासारखी सरळ.

"ही बघा," काकू म्हणाल्या. "घडी."

त्या वाईट नव्हत्या. बाळंतपणात पंधरा दिवस त्यांनीच आमचा स्वयंपाक केला. पण त्या दिवसानंतर आईनं सहा महिने कागदाला हात लावला नाही, आणि लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती घडी घालताना डोळे दुसरीकडे वळवते. आबा म्हणायचे, "खुळचटपणा हाय सगळा." त्यांना वाटायचं, एवढं म्हटलं की झालं. मी नऊ वर्षांची होते. मी ठरवलं, मोठी झाले की याला उत्तर लिहायचं.

दवाखान्यात एकदा नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि 'मंगोल' असा एक शब्द चिठ्ठीवर लिहिला. म्हणाले, असंच राहणार, उपाय नाही. एका अख्ख्या मुलखातल्या माणसांचं नाव आजारासारखं कागदावर लिहिण्यात काही चुकतं आहे हे त्यांना वाटलं नाही. का झालं, हे आईनं विचारलंही नाही. तिला वाटत होतं, तिला माहीत आहे.

मी उत्तर लिहिलं ते विसाव्या वर्षी. कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकात एक वाक्य सापडलं: जवळच्या नात्यात लग्नं केल्यानं संततीत दोष येतात. मी ते पान पुरतं वाचलंसुद्धा नाही. मला वाक्य मिळालं होतं. आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत, आणि माझे आईआबा म्हणजे मामेबहीण आणि आतेभाऊ. सगळं जुळलं. ग्रहण खोटं ठरवायला दुसरं काहीतरी खरं हवं होतं, ते हाताला लागलं. चार पानी पत्रकाचा मथळा होता 'ग्रहण नव्हे, गोतावळा!' त्यातला तिसरा परिच्छेद मला अजून पाठ आहे:

"याच शहरातल्या एका कंपोझिटरच्या घरात मामेबहीण-आतेभावाचं लग्न झालं. पोटी काय आलं, ते जाऊन बघा. हा ग्रहणाचा कोप नव्हे. आईबापांनी डोळे मिटून केलेल्या लग्नाचं हे फळ आहे."

हे आबांनी स्वतःच्या हातानं जुळवलं. शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून. माझी हस्तलिखित प्रत समोर ठेवून ते तिसऱ्या परिच्छेदापाशी जरा थांबले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "उद्गारचिन्हं जरा कमी वापर. आमच्याकडं तेवढे खिळे न्हाईत." एवढंच.

आणि पाचशे प्रतींच्या घड्या आईनं घातल्या. चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचायची. शेवटची प्रत दुमडायच्या आधी तिनं ती मांडीवर ठेवून वाचली. मी चहा घेत होते.

"हे आपलं घर का गं?"

"उदाहरण दिलंय, आई. नाव कुठं आहे?"

"कंपोझिटर किती हायेत कोल्लापुरात, अशी लेक असल्याले?"

मी काहीतरी मोठं बोलले. व्यक्तीपेक्षा समाज मोठा, असं काहीतरी. आई ऐकून घेत होती. मग तिनं ती शेवटची घडीसुद्धा नीट घातली, पट्टी फिरवली, आणि म्हणाली, "ग्रहणात दुमडलं ही एका दिवसाची चूक हुती. तू म्हणतीस लगीनच चूक. म्हंजे तूबी चूकच की."

मी निघून गेले. मला बैठकीला उशीर होत होता.

आईचं माहेर गडहिंग्लज. दरवर्षी पंचमीला ती धाकटीला घेऊन चार दिवस जायची, वर्षातून तेवढेच. तिथल्या एका विद्यार्थ्यानं माझी पत्रकं एस.टी.नं गावी नेली, मीच दिली होती, मोठ्या अभिमानानं. मामाच्या मुलीचं लग्न तेव्हा आजऱ्याच्या एका घरात ठरत आलं होतं. बोलणी पुढं न्यायला आलेल्या पाहुण्यांनी खिशातून पत्रक काढलं आणि मामाला विचारलं, "हे तुमच्या अक्काचं घर न्हवं? मग रक्त तर एकच की तुमचं." स्थळ तिथंच थांबलं. मामाचं कार्ड आलं, दोन ओळींचं. "अक्का, यंदा पंचमीला येऊ नको. लोकं बोलत्यात."

आईनं कार्ड आरशामागं खोचून ठेवलं. पंचमीच्या दिवशी तिनं पुरणाची दिंडं केली, झोका बांधला नाही, आणि दुपारभर फर्मे जुळवत बसली. मी तिच्यासमोर बसले तेव्हा पहिल्यांदा तिनं मला विचारलं.

"खरं काय हाय गं? तू शिकलीस. ग्रहणानं झालं का लगनानं? माझ्याकडनं काय झालं, तेवढं मला कळू दे. मग कुणी काय बोललं तर बोलू दे."

मी म्हणाले, "लग्नानं, आई." तेव्हाही मी तेच धरून होते.

त्या थंडीत धाकटीची छाती भरली. नेहमीच्या औषधानं उतरेना, म्हणून आम्ही तिला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुंबईला शिकून आलेल्या, लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी आधी छाती ऐकली, मग हृदय ऐकलं, बराच वेळ. "हृदयात आवाज नाही. चांगलं आहे. अशा मुलांच्या हृदयात पुष्कळदा भोक असतं," त्या म्हणाल्या आणि हात बघायला लागल्या. आईनं धाकटीची मूठ आपल्या पदराखाली ओढली.

"हात का लपवता?"

"ग्रहणाची घडी हाय त्यात," आई पुटपुटली.

माझा पारा चढला. "ग्रहण नव्हे हो! नात्यातलं लग्न आहे. आम्ही पत्रक काढलंय." माझ्या पिशवीत प्रती असायच्याच. मी एक काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी चारही पानं वाचली. घाई केली नाही. बाहेर पोरं रडत होती.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"मग ही दुरुस्ती पण तूच कर. जवळच्या नात्यातल्या लग्नांनी काही आजार येतात, ते खरं आहे. हा त्यातला नव्हे."

मला आयुष्यात इतकं सरळ कुणी खोडून काढलं नव्हतं. बैठकीत वाद व्हायचे, पण तिथं आवाज मोठा करून निभायचं. इथं निभण्यासारखं काही नव्हतं. त्या आईकडे वळून बोलायला लागल्या. माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत सूक्ष्म धाग्यांची बंडलं असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. शरीर कसं घडवायचं ते त्यांत लिहिलेलं असतं. तेवीस आईकडून, तेवीस वडिलांकडून, म्हणून सगळ्यांच्या जोड्या. "तुमच्या लेकीत एका लहान गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असाव्यात, असं मला वाटतं. हातावरची रेघ हे त्याचंच एक लक्षण आहे. ती घडी पोटातच पडते, पण कुणी घातलेली नसते."

"तीन प्रती," आई म्हणाली.

"खात्री करायला पुण्याला रक्त तपासावं लागेल. ती तिसरी प्रत सुटी असेल तर तो निव्वळ योगायोग. क्वचित ती दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेली असते. तसं असेल तर मात्र ते घराण्यातून येऊ शकतं, आणि नातेवाइकांना सांगायला हवं."

"माझ्या भावाच्या लेकीचं कळंल त्येच्यातनं?"

"कळेल."

"मग जाऊया," आई म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी आणखी एक केलं. धाकटी दिवसभर एका जागी बसून असते, उन्हाळ्यातही तिला गार वाटतं, पोट साफ होत नाही, कातडी कोरडी, हे आईनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हे सगळं त्या तीन प्रतींचं म्हणून सोडून देऊ नका. अशा मुलांना गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा त्रास होतो. त्यावर गोळी आहे. तेही रक्त तपासू."

दहा वर्षं आम्ही तिच्या असण्याचं कारण शोधत होतो. आईनं ग्रहण धरलं, मी लग्न धरलं. तिला गार का वाटतं, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. कारण मिळालं की माणूस बघायचं थांबतो. माझं तरी तसं झालं होतं.

पुण्याला एस.टी.नं गेलो. सातारा येईपर्यंत धाकटीनं कंडक्टरला पाच वेळा "पावणं, च्या घ्या" म्हटलं. सहाव्यांदा तो म्हणाला, "ताई, आधी च्या तर दावा!" सगळी गाडी हसली. धाकटी सगळ्यांत जास्त. मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटत होतं, आता कुणीतरी हिच्याबद्दल काहीतरी बोलणार. कुणी बोललं नाही. एका बाईनं तिला पेरू दिला.

काही आठवड्यांनी निकाल डॉक्टरीणबाईंकडे आला. त्यासोबत एक कागद होता. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोतली गुणसूत्रं एकेक सुटी कापून, मोठ्यापासून लहानापर्यंत जोड्या लावून ओळींत चिकटवलेली. काळ्या दोऱ्याचे तुकडे असावेत तशी. आईनं तो कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर ओळखीचं काहीतरी आलं.

"हे कात्रीनं कापून चिकटवलंय."

"हो, तसंच करतात."

"खळीनं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "असेल."

आईनं बोट ठेवलं आणि जोड्या मोजत निघाली. वीस वर्षं फर्मे जुळवलेलं बोट ते. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. शेवटच्या ओळीत बारीक बारीक तुकडे होते, त्यांतल्या एका जागी बोट थांबलं. मी मोजत होते, पण मी अजून दुसऱ्या ओळीतच होते.

"हा फर्मा तीनदा आलाय," आई म्हणाली.

"तो एकविसावा. आणि तिन्ही सुटे आहेत. म्हणजे घराण्यातलं काही नाही. तुमच्या भाच्यांना यातून काही नाही, या मोठीलाही नाही. बीज तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांपासून सुटायची असतात. कधी कधी ती सुटत नाहीत, दोन्ही एकाच बाजूला जातात. तुमच्याकडून झालं की यांच्या वडिलांकडून, ते यात कळत नाही. आईचं वय वाढलेलं असलं तर जास्त वेळा घडतं, पण विशीतल्या आयांच्या पोटीही अशी मुलं येतात. तुम्ही काही केलं म्हणून झालं नाही. काही केलं नाही म्हणूनही नाही."

"पावसाळ्यात फर्मे चिकटत्यात तसं," आई म्हणाली. "एक उचलाय जावं, दोन येत्यात."

"अगदी तसं. मग तेव्हा चूक कुणाची असते?"

धाकटी टेबलावरचा लाकडी ठोकळा कागदांवर नीट दाबून ठेवत होती.

"कुणाची न्हाय," आई म्हणाली. "हवा सर्द असती."

डॉक्टरीणबाई आम्हा तिघींना बाहेर सोडायला आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, प्रत चांगली असेल तर जास्त झाल्यानं बिघडतं काय? त्या म्हणाल्या, "तू फर्म्यांच्या घरातली ना? एकच फर्मा पुस्तकात आणखी एकदा शिवला गेला तर काय होतं?" मला माहीत होतं. एकही शब्द चुकीचा नसतो. पण वाचणारा पुढं जाता जाता पुन्हा मागं येतो, गोष्ट अडते, पुस्तक जाड होतं आणि वेष्टनात नीट बसत नाही. शरीरात प्रत्येक गोष्टीचं माप असतं, त्या म्हणाल्या. माप जास्त झालं तरी परिणाम होतो, कमी झालं तरी होतो. काही लोकांत एखाद्या गुणसूत्राचा लहानसा तुकडाच गळालेला किंवा दोनदा आलेला असावा, पण इतकं बारीक आताच्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. "उद्या दिसेल. तेव्हा कदाचित कळेल, की थोडेफार कमी-जास्त फर्मे सगळ्यांच्यातच आहेत. तुझ्यात, माझ्यात."

घरी येताना आई रिक्षा नको म्हणाली. बिंदू चौकापासून चालत आलो. गल्लीच्या तोंडाशी पलीकडच्या काकू भेटल्या. आई थांबली, धाकटीची मूठ उघडून त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "काकू, ही मी घातलेली न्हवं." आणि पुढं निघाली.

आबांना सांगितलं तेव्हा ते खिळे पुसत होते. म्हणाले, "छापू."

"पाचशे," मी म्हणाले. "पाचशेच प्रतींत चूक होती."

"पोरी, चूक पाचशे घरांत जाऊन थांबली न्हाय. तिथनं पुढं गेली. हजार छाप."

गटातल्या लोकांनी विरोध केला. आमचा पुढारी होता, बोलायला फार तरबेज. तो म्हणाला, "विरोधकांच्या हातात कोलीत देतेस. नात्यातल्या लग्नांना आपला विरोध आहेच, मग त्यात एक उदाहरण चुकलं तर बिघडलं काय?" मी म्हणाले, "ते उदाहरण माझी आई आहे." तो म्हणाला, "भावनेच्या भरात निर्णय नको." तोवर हे वाक्य मी दुसऱ्यांना ऐकवलं होतं. मी त्या गटात पुन्हा गेले नाही. नात्यात लग्नाची सक्ती करू नका, हे मी आजही लिहिते. पण आता त्यासाठी धाकटीचा हात उचलून दाखवत नाही.

दुरुस्तीचं पत्रक आबांनी मोठ्या टायपात जुळवलं. मथळा 'माझी चूक'. उद्गारचिन्ह एकही नाही. घड्या आईनं घातल्या, आणि यावेळी ती कागदाकडे बघत होती.

त्यातल्या दोनशे प्रती घेऊन आम्ही तिघी गडहिंग्लजला गेलो, बोलावणं नसताना. मामा बाहेरच्या सोप्यात बसला होता. मला बघून म्हणाला, "या पावणं! नवीन काय छापलंसा? ह्या टायमाला कुणाचं लगीन मोडायचं?"

मी काही बोलायच्या आत धाकटी पुढं झाली. "मामा, च्या घ्या."

मामाच्या मिशा हलल्या. "माझ्याच घरात मलाच च्या, व्हय गं?" तो म्हणाला आणि तिला जवळ ओढलं. दीड वर्षानं बघत होता. मग त्यानं पत्रक वाचलं, दोनदा, आणि आईला विचारलं, "अक्का, खरं?"

आईनं पत्रकाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. कोपऱ्यात पत्रावळींची चवड होती. तिनं वरची पत्रावळ उचलली, तिच्याबरोबर खालचीही आली, ओलीनं चिकटलेली. "हे बघ. मी एकच उचलली. दोन आल्या. आता ह्यात माझं काय चुकलं सांग. तुझं काय चुकलं? पत्रावळ लावणाऱ्याचं काय चुकलं?" मामानं त्या दोन पत्रावळी नखानं सोडवल्या. मग हळूच म्हणाला, "न्हाय कुणाचं."

"तुझ्या लेकीत त्यातलं काय न्हाय. डॉक्टरीणबाईनं लिवून दिलंय."

"ते ठीक हाय, अक्का. पण आजऱ्याचं स्थळ मोडलं, त्येचं?"

मी मामाच्या मुलीला गाठलं, ती घरामागच्या परड्यात भांडी घासत होती. मी माफी मागितली, चांगल्या शब्दांत. तिनं राखेचा हात थांबवला नाही.

"तुझी माफी राहू दे. माझं बघतील कुठंतरी. पण ते तुझं पहिलं पत्रक आजऱ्यात अजून फिरतंय. एका दुकानात भिंतीला लावलंय म्हणे. कुणाच्या घरात असलं पोर जन्मलं की त्येंच्या आईला वाचून दावत्यात. ते थांबव आधी."

पुढच्या पंचमीच्या आधी कार्ड आलं, एकच ओळ. "अक्का, दोघींना घिऊन ये." आईनं आरशामागचं जुनं कार्ड काढलं आणि त्याच जागी हे खोचलं.

धाकटीच्या रक्तात थायरॉइड खरंच कमी निघालं. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. चार-पाच महिन्यांत ती फळीवरून उठली. आता ती आबांचा डबा घेऊन छापखान्यापर्यंत जाते, वाटेत भेटेल त्याला चहाचं आमंत्रण देते, आणि आबांना रोज संध्याकाळी दोन-तीन अनोळखी लोक विचारतात, चहा कधी? तिला लिहिता येत नाही. बहुधा येणारही नाही. छाती अजून थंडीत भरते. गोळीनं तिसरी प्रत दोनावर येत नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी तसं कधी म्हटलंही नव्हतं. फर्म्यांवर ठेवायला मात्र आम्हाला दगड आणावा लागला. तिच्याइतका चांगला तो बसत नाही, असं आई म्हणते.

बैठका आता आमच्याकडे होत नाहीत, पण माणसं येतात. चहा धाकटी आणते. थोडा बशीत सांडतो.

मी आजऱ्याला दोनदा गेले. ते दुकान सापडलं, भिंतीवरचा कागद उतरवून घेतला. पण तो एकच. बाकीचे कुठं कुठं गेले, मला माहीत नाही. दुरुस्ती चुकीच्या मागं फार हळू चालते. म्हणून ही विनंती, आणि ती फक्त वाचून सोडून देऊ नका. 'ग्रहण नव्हे, गोतावळा!' हे पत्रक तुमच्या घरात, वाचनालयात, कुठं गादीखाली असेल तर बाहेर काढा. तिसऱ्या परिच्छेदावर शाईनं आडवी रेघ मारा, खालचं अक्षर दिसणार नाही अशी. मग तो कागद घेऊन तुमच्या गल्लीत, वाडीत अशी लेक किंवा लेकरू असलेल्या आईकडे जा. आधी तिला सांगा, हे तू केलेलं नाहीस. आणि मग त्या लेकराला बाहेरच्या खोलीत बोलावून विचारा, तुला गार वाटतं का?